किल्ली परत केली, हिशेब मिटला का?

घर भाड्याने घेताना आपण चार जणांना विचारतो. सोडताना मात्र किल्ली मालकाच्या हाती ठेवली की सारे संपले, असे समजतो. हा समज परदेशात महाग पडू शकतो.

आपल्या बेटावरील मराठी घरांतून मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी दूरदेशी जातात. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातले वेस्ट विंडसर हे भारतीय वंशाच्या कुटुंबांची मोठी वस्ती असलेले गाव. प्रिन्स्टन जंक्शनचे रेल्वे स्थानक याच गावात असल्याने न्यूयॉर्कला रोज कामावर जाता येते. नव्याने गेलेल्यांचा संसार तेथेही बहुधा भाड्याच्या घरातच सुरू होतो. म्हणून तेथला कायदा आपल्यालाही ठाऊक असावा.

त्या राज्यात मालकाला सुरुवातीला दीड महिन्याच्या भाड्याहून जास्त अनामत घेता येत नाही. भाडेकरूने घर सोडल्यावर ३० दिवसांत ती व्याजासह परत करावी लागते. काही रक्कम कापली असेल, तर कशासाठी किती कापली याची यादी द्यावी लागते. रोजच्या वापराने होणारी झीज नुकसानीत धरता येत नाही. अनामत गैरपणे अडकवली, तर न्यायालय त्या रकमेच्या दुप्पट देववते. मालक स्वतः राहत असलेल्या लहान घरांना यातून काही सूट आहे. येथवर कायदा भाडेकरूच्या बाजूने उभा आहे.

पण दुसरी बाजूही पाहावी. ३० दिवस चुकले म्हणून मालकाचा नुकसानीचा दावा बुडत नाही. करारभंगासाठी आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी दावा लावण्यास तेथे ६ वर्षांची मुदत आहे. भारतात १९६३च्या मुदत कायद्याने करारभंगाच्या भरपाईला ३ वर्षेच दिली आहेत.

आमच्या मते ६ वर्षे फार झाली. तेवढ्या काळात भिंतींना नवा रंग लागतो, गालिचा बदलतो, दोन-तीन भाडेकरू येऊन जातात. डाग कोणाचा, भेग कोणाची, हे मग कोणी सांगावे? ज्या मालकाला महिन्याभरात यादी करणे शक्य असते, त्याने पाच वर्षांनी दार ठोठवावे हे न्यायाचे वाटत नाही. मोडतोड करून निसटणारे भाडेकरूही असतात, आणि आपल्यापैकी अनेकजण स्वतः घरमालक आहेत, हे आम्ही विसरत नाही. खऱ्या नुकसानीची भरपाई मिळालीच पाहिजे. पण ती वेळेवर, पुराव्यानिशी मागावी.

कायदा बदलेपर्यंत सावध राहणे आपल्या हाती आहे. घरात शिरताना आणि सोडताना प्रत्येक खोलीची छायाचित्रे घ्यावीत. घराच्या स्थितीची यादी करून तीवर दोघांच्या सह्या घ्याव्यात. नेपोलियनच्या काळापासून चालत आलेल्या फ्रेंच कायद्यामुळे ही रीत मॉरिशसमध्ये आपल्या ओळखीची आहे. किल्ली दिल्याची पोच घ्यावी, आणि हे सर्व कागद ६ वर्षे जपावेत.

नवा पत्ताही लेखी कळवावा. पत्ता लपवून मुदत काढू, असे कोणी समजू नये. राज्याबाहेर गेलेल्या माणसावर समन्स बजावताच येत नसेल, तर काही प्रसंगी मुदतीचे घड्याळच थांबते. समन्स आले तर गप्प बसू नये. मुदत उलटून गेली असली तरी ते उत्तरात सांगावे लागते. न्यायाधीश आपणहून सांगणार नाहीत. उत्तर दिले नाही, तर निकाल एकतर्फी लागतो, आणि अशा निकालाची वसुली २० वर्षांपर्यंत पाठ सोडत नाही.

आपल्या वाडवडिलांनी बेटावर पाऊल ठेवले, तेव्हा कागदावरचे वाचता न आल्याने अनेकांनी अंगठा उठवला. आज आपली मुले शिकलेली आहेत. त्यांनी सही करण्यापूर्वी वाचावे, आणि सही केलेला कागद जपून ठेवावा. दूर राहणाऱ्या मुलांना पत्र लिहाल, फोन कराल, तेव्हा खुशालीबरोबर एवढे अवश्य विचारा: बाळांनो, जुन्या घराचे कागद जपून ठेवले आहेत ना?