खेळ संपल्यावर पुढे काय?



श्रावण सरत आला, गौरी-गणपतीची तयारी सुरू झाली, की शाळाशाळांतून तालुक्याच्या क्रीडा स्पर्धांचीही गडबड उडते. ज्यांच्या घरी खो-खो, कबड्डी खेळणारी मुलगी आहे, त्यांच्याकडे या दिवसांत एक विषय हमखास निघतो. ‘आठवीत गेली आता, पुरे झालं ते धावणं. दहावीचं बघायला नको?’ असं कधी घरातले पुरुष म्हणतात, कधी सासूबाई म्हणतात आणि खरं सांगायचं तर पुष्कळदा आपणच म्हणतो. त्यामागचा प्रश्न एकच असतो. खेळून पुढे काय मिळणार?

प्रश्न काही वावगा नाही. आपल्यासारख्यांच्या घरात पैसा मोजून खर्च होतो, आणि मुलीचा वेळही मोजूनच. शिवाय खेळाडूचा खेळण्याचा काळ फार थोडा. गायिका साठीतही गाते, शिक्षिका निवृत्त होईपर्यंत शिकवते, पण खो-खो खेळणारीचे गुडघे तिशीच्या आसपास कुरकुरू लागतात. मग उरलेल्या वर्षांचं काय? याचं उत्तर आज शोधू या, आणि तेही फार लांब न जाता.

मी राहते जळकोटला. लातूर जिल्ह्यातलं नव्हे हं, ते वेगळं. हे तुळजापूर तालुक्यातलं, नळदुर्गच्या पुढे सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचं. आमच्या धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबादेत, खो-खोचं वेड जुनं आहे. मोकळी जागा आणि दोन खांब एवढं असलं की खेळ सुरू. ना महागडी बॅट, ना जाळी. गरिबाच्या मुलीला परवडणारा खेळ. सारिका काळे हे नाव तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेल. ती याच जिल्ह्यातली.

सारिका तेरा वर्षांची असताना तिच्या घरच्याच एका खेळणाऱ्या नातेवाइकाने तिला मैदानावर नेलं. घरची परिस्थिती बेताची म्हणण्यापेक्षाही वाईट. वडिलांना शारीरिक अडचणीमुळे फारसं कमावता येत नव्हतं. आई शिवणकाम करायची, घरकाम करायची. सगळं घर आजी-आजोबांच्या कमाईवर चालायचं. पुढे अर्जुन पुरस्कार जाहीर झाल्यावर सारिकाने वार्ताहरांना सांगितलं, की जवळजवळ दहा वर्षं तिला दिवसाकाठी एकच वेळचं जेवण मिळत होतं. नीट खायला मिळायचं ते शिबिराला किंवा स्पर्धेला गेलं की. विचार करा, ज्या खेळात नऊ मिनिटं पाठलाग आणि नऊ मिनिटं पळापळ असते, तो खेळ ही मुलगी एका जेवणावर खेळत होती!

तशातच ती भारतीय संघाची कप्तान झाली. फेब्रुवारी 2016 मध्ये गुवाहाटी आणि शिलाँग इथे दक्षिण आशियाई स्पर्धा झाल्या. त्यांत खो-खो पहिल्यांदाच होता, आणि सारिकाच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी सुवर्णपदक मिळवलं.

आता तुम्ही म्हणाल, झालं की मग, सोनं मिळालं, दिवस पालटले! तसं झालं नाही. त्याच 2016 साली घरच्या पैशाच्या ओढाताणीने ती इतकी खचली, की तिने खेळ सोडायचं ठरवलं आणि स्वतःला खोलीत कोंडून घेतलं. देशाची कप्तान, आणि दाराला आतून कडी!

पुढचा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. तिच्या आजीने तिचे प्रशिक्षक चंद्रजीत जाधव यांना सांगितलं, की पोरीने स्वतःला कोंडून घेतलंय. जाधवांनी तिची समजूत घातली आणि सारिका पुन्हा मैदानावर आली. ती खेळत राहिली. 2019 मध्ये तिला क्रीडा अधिकारी म्हणून सरकारी नोकरी मिळाली आणि घराला पहिल्यांदा स्थैर्य आलं. 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार जाहीर झाला, तोही खो-खोच्या वाट्याला तब्बल 22 वर्षांनी. त्या वेळी ती काम करत होती आमच्या तुळजापुरात. ज्या मुलीला एक वेळ जेवायला मिळत होतं, ती तालुक्यातल्या मुलामुलींच्या खेळाची व्यवस्था पाहणारी अधिकारी झाली.

हे मी मुद्दाम सविस्तर सांगितलं. पदक 2016 मध्ये मिळालं, पण घर सावरलं ते खेळातून मिळालेल्या नोकरीने. म्हणजे ‘खेळून पुढे काय’ याचं उत्तर नुसत्या पदकात शोधायचं नसतं, खेळानंतरच्या कामात शोधायचं असतं. त्या कामाची माहिती आपल्याला नसते, म्हणून आपण मुलीला आठवीतच घरी बसवतो.

कोणकोणती कामं आहेत ती? एक, शाळेतली क्रीडा शिक्षिका. पदवीनंतर बी.पी.एड. करावं लागतं. दुसरं, प्रशिक्षक. त्यासाठी पतियाळाला राष्ट्रीय क्रीडा संस्था आहे, 1961 पासून देशभरचे प्रशिक्षक तिथे शिकून येतात. तिसरं, पंच. खेळांच्या संघटना पंचांच्या परीक्षा घेतात. चौथं, सरकारी क्रीडा खात्यातली पदं. शिवाय महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. त्यातून पोलीस खात्यात, महसुलात, इतर कार्यालयांत मुली लागतात. कोणत्या पदाला कोणत्या पातळीवरची कामगिरी लागते हे ठरलेलं असतं. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन ते एकदा नीट विचारून घ्यावं.

खेळलेली बाई शिकवायला उभी राहिली की फरक पडतो तो मी शाळेत पाहते. खो-खोत पाठलाग करणारीला एकदा दिशा धरली की मागे वळता येत नाही, मधली रेघ ओलांडता येत नाही. बसलेल्या आठजणींपैकी योग्य जिला पाठीमागून खो देऊनच काम साधावं लागतं. पळणारी मात्र साखळी घालत, हुलकावण्या देत मोकळी फिरते. नियम पुस्तकात वाचून सांगता येतात, पण खांबाजवळ सूर कधी मारायचा, दम कुठे राखायचा हे स्वतः धूळ खाल्लेलीच सांगू शकते. आणि आणखी एक. शिकवणारी बाई असेल तर मुलगी तिला ‘आज पोटात दुखतंय’ हे सांगू शकते. आई-वडीलही परगावच्या स्पर्धेला निर्धास्तपणे पाठवतात. एक मुलगी प्रशिक्षक झाली की तिच्यामागे पन्नास मुलींची वाट मोकळी होते, ती अशी.

पण नुसतं गोडगोड लिहून मी तुम्हाला फसवणार नाही. खेळणारी प्रत्येक मुलगी सारिका होत नाही. बहुतेकींचा खेळ जिल्ह्यापाशी नाहीतर विभागापाशी थांबतो. शिवाय पैशाच्या बाबतीत मुलींच्या वाट्याला कमीच येतं. 2022 मध्ये खो-खोची व्यावसायिक लीग सुरू झाली, खेळाडूंना चांगले पैसे मिळू लागले, पण तिचे पहिले दोन्ही हंगाम पुरुषांचेच होते. उलट जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला, त्यात आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला 78 विरुद्ध 40 असं हरवलं. कप्तान आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे, आणि संघात आमच्या धाराशिवची अश्विनी शिंदेही होती. मान मिळाला, पैशाची वाट अजून अरुंदच आहे. म्हणून खेळ आणि शिक्षण दोन्ही हातांत हात घालून चालायला हवीत. पदवी नसेल तर बी.पी.एड. नाही, आणि स्पर्धा परीक्षाही नाही.

मग आपण घरात काय करायचं? माझ्या अनुभवाच्या चार गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट खाण्याची. महागडे डबे, पावडरी आणायची गरज नाही. सकाळी सरावाला जाण्याआधी एखादं केळं किंवा दोन खजूर, आल्यावर मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि गूळ, जेवणात ज्वारीची भाकरी, वरण किंवा उसळ, पालेभाजी आणि वर लिंबू पिळलेलं. चालत असेल त्यांनी अंडं द्यावं. मुलगी लवकर थकत असेल, चेहरा फिका दिसत असेल, तर आळशी म्हणून रागावण्याआधी रक्त तपासून घ्यावं. आणि मुलाच्या ताटात दूध आणि मुलीच्या ताटात ताक, हे आपल्या घरात होत नाही ना, एवढं प्रत्येकीने आपल्याशीच बघावं.

दुसरी गोष्ट दुखण्या-खुपण्याची. गुडघे खरचटले तर आधी साबणाने आणि स्वच्छ पाण्याने धुवा. हळद नंतर. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते लिहून ठेवा. पाय मुरगळला तर लगेच चोळू नका, शेकूही नका. पहिले एक-दोन दिवस फडक्यात गुंडाळून बर्फ किंवा गार पाण्याची पट्टी, पाय उशीवर उंच आणि विश्रांती. पायावर भार देता येत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. पाळीच्या दिवसांत खेळू नये असं काही नाही. बरं वाटत असेल तर खुशाल खेळू द्या. फार दुखत असेल तर तिलाच ठरवू द्या.

तिसरी गोष्ट कागदपत्रांची, आणि इथे आपण बायका हमखास कमी पडतो. स्पर्धेचं प्रमाणपत्र आलं की चार दिवस शोकेसमध्ये, मग पलंगाखालच्या पेटीत, मग वाळवीच्या तोंडी! असं करू नका. एक जाड फाइल करा. प्रत्येक प्रमाणपत्राच्या दोन प्रती काढा. त्यावरचं नाव आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी अक्षरन् अक्षर जुळते का ते त्याच आठवड्यात पाहा. चूक असेल तर तेव्हाच दुरुस्त होते, दहा वर्षांनी नाही. दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, त्यासाठी शाळेमार्फत वेळेत अर्ज करावा लागतो. नोकरीतल्या आरक्षणासाठी प्रमाणपत्राची पडताळणी विभागाच्या क्रीडा उपसंचालकांकडे करून घ्यावी लागते. जाहिरात येण्याची वाट न पाहता ती आधीच करून ठेवलेली बरी. आणि मुलीचं लग्न झालं की ही फाइल रुखवताबरोबर तिच्या हाती द्या, सोबत विवाह नोंदणीचा दाखला. माहेरचं नाव आणि सासरचं नाव यांचा मेळ घालता आला नाही, तर हातातलं प्रमाणपत्र असून नसल्यासारखं होतं.

चौथी गोष्ट बोलण्याची. मुलीच्या प्रशिक्षकांना, क्रीडा शिक्षकांना आईने स्वतः भेटावं. ‘ते यांचं काम’ म्हणून नवऱ्यावर सोडू नये. सराव किती वाजता सुटतो, बरोबर कोण असतं, परगावी मुक्काम कुठे आणि सोबत शिक्षिका आहे का, हे विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही. राग आला तर तेवढ्यावरूनच काय ते समजावं. आणि घरात काही बिनसलं, मुलगी गप्प गप्प झाली, तर त्यांच्या कानावर घालायला लाजू नये. सारिकाच्या आजीने घरची अब्रू म्हणून तोंड मिटून घेतलं असतं, तर ती कडी किती दिवस तशीच राहिली असती कोण जाणे.

जाता जाता एक तुमच्यासाठी, हो, तुमच्याचसाठी! हे वाचणाऱ्यांपैकी कितीतरी जणी शाळेत खो-खो खेळलेल्या असतील. लग्न झालं आणि पदर खोचून धावणं फक्त नळाच्या पाण्यापुरतं उरलं. तुमच्या गावातल्या शाळेत क्रीडा शिक्षिका नसेल, तर मुख्याध्यापकांना भेटून आठवड्यातून दोन संध्याकाळी मुलींच्या सरावाला उभं राहता येईल का ते विचारून पाहा. स्वतः धावायला नको, शिट्टी वाजवली तरी पुरे. नुसत्या तुमच्या उभं राहण्यानेही चार मुली जास्त येतील. पंचांची परीक्षा द्यायलाही हरकत नाही. पोरं मोठी झाली, दुपार मोकळी असते, असं आपण म्हणतोच ना?

आणि तुमच्या घरी आठवीतली मुलगी असेल, तर यंदाच्या स्पर्धेला तिला थांबवण्याआधी एकदा मैदानावर जाऊन तिचा खेळ बघून या. पदर सावरत, मागच्या बाजूला उभं राहून का होईना. मग काय ठरवायचं ते ठरवा, आणि काय ठरलं ते मला जरूर कळवा.