मालकांची अदृश्य युनियन

कामगारांची संघटना जगाला दिसते, मालकांची दिसत नाही. हे निरीक्षण मार्क्सचे नव्हे, अ‍ॅडम स्मिथचे आहे. मजुरी वाढू नये यासाठी मालकांचे मूक संगनमत सर्वत्र आणि सतत चालू असते, असे त्याने १७७६ सालीच नमूद करून ठेवले.

मुक्त स्पर्धेचे माहेरघर म्हणून मिरवणाऱ्या कॅलिफोर्नियातील सिलिकॉन व्हॅलीने त्याचा पुरावाच दिला. एकमेकांच्या कर्मचाऱ्यांना आपणहून नोकरी देऊ करावयाची नाही, असे समझोते अ‍ॅपल, गूगल, इंटेल, अ‍ॅडोबी आदी कंपन्यांनी आपसांत केले होते. अमेरिकन सरकारने २०१० मध्ये खटला भरला, तेव्हा कंपन्यांनी ही प्रथा बंद करण्याचे मान्य केले. परंतु कर्मचाऱ्यांच्या पदरात त्यातून छदामही पडला नाही. त्यासाठी सुमारे ६४ हजार जणांना सामुदायिक दावा लढवावा लागला. चार कंपन्यांनी देऊ केलेली ३२.४५ कोटी डॉलरची भरपाई न्यायालयाने २०१४ मध्ये अपुरी ठरवली; २०१५ मध्ये ४१.५ कोटींवर तडजोड झाली. वकिलांचा खर्च वजा न करताही ही रक्कम माणशी साडेसहा हजार डॉलरच्या आतच भरते.

हानी केवळ नोकरी बदलू पाहणाऱ्याची झाली, असे समजणे चूक ठरेल. बाहेरून एकाला बोलावणे आले की त्याच्या श्रमाचा बाजारभाव शेजारच्या टेबलावरही कळतो, आणि सर्वांच्याच पगाराला रेटा मिळतो. तो रेटाच या समझोत्यांनी मोडून काढला.

आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याचे कलम २७ व्यवसायास प्रतिबंध करणारे करार रद्दबातल ठरवते. २००२ चा स्पर्धा कायदाही स्पर्धेला मारक समझोत्यांना मनाई करतो. पण ज्या समझोत्यावर कर्मचाऱ्याची सही नाही, ज्याची त्याला वार्ताही नाही, त्याविरुद्ध त्याने एकट्याने दाद मागावी कशी? बोलावणे येत नाही, एवढेच त्याला कळते. आणि दोष तो स्वतःच्या गुणवत्तेला देतो.

हिंजवडीतील संगणक अभियंता स्वतःला कामगार मानीत नाही. ‘नाही पटले तर नोकरी सोडीन’ हेच त्याचे एकमेव शस्त्र. ते बोथट करण्यासाठी मालक एकत्र येऊ शकतात, हे त्याला पटवून देणे हे आपल्या कार्यकर्त्यांचे काम आहे. असे समझोते उघड करण्याची सक्ती व्हावी, ही मागणी संघटनेनेच लावून धरली पाहिजे. मालकांना संघटनेचे मोल केव्हाच उमगले आहे. पगारदारांना ते कधी उमगणार, हाच प्रश्न आहे.