सही कुठे करू?

"वहिनी, इथे सही करा." एवढं ऐकलं की आपण पदर सावरतो आणि बोट ठेवलेल्या जागी सही ठोकून मोकळ्या होतो. कागदात काय आहे ते बघायला भाऊ आहेत ना!

मीही सहा वर्षं हेच केलं. आमच्या बचतगटाची मी अध्यक्ष. चकलीची भाजणी, कोण कधी कामाला येणार, गिऱ्हाइकांच्या आवडीनिवडी, सगळं तोंडपाठ. वही मात्र हिशेब लिहिणाऱ्या भाऊंची.

२०१४च्या दिवाळीत २४० रुपये दराने अडीचशे किलो चकली गेली. ६० हजारांची विक्री! खर्च ५४ हजार, म्हणजे सहा हजार नफा. आम्ही पेढेसुद्धा वाटले. आणि महिनाअखेरीला मजुरी द्यायला पैसे नाहीत! नफा गेला कुठे? तर २२ हजार उधारीत अडकलेले. हाती आले होते ३८ हजार, द्यायचे होते ५४. सोळा हजारांचा खड्डा गटाच्या बचतीतून बुजवला. त्याच आठवड्यात आमच्यातलीच एक मुलीच्या फीसाठी कर्ज मागायला आली, तिला 'नाही' म्हणावं लागलं. तो दिवस मी विसरलेले नाही.

त्यानंतर वही घरी आणली. बारावीला गणित सोडलेल्या मला वाटलं, हे काही जमायचं नाही. पण लागते ती बेरीज-वजाबाकीच. महिन्याच्या सुरुवातीला अंदाज लिहायचा, शेवटी त्याच्या शेजारी प्रत्यक्ष खर्च. तेलाला जास्त गेले, तर भाव वाढला की तळणीत नासलं, हे त्याच महिन्यात विचारायचं. वर्षाने विचारून काय उपयोग? घरखर्चात आपण हेच तर करतो.

पुढच्या वर्षी एका दुकानदाराने किलोमागे २० रुपये सूट मागितली. "वीसच तर!" म्हणून मी हो म्हणणार होते. पण रात्री मांडून बघितलं. एका किलोला माल, मजुरी, पाकीट मिळून २०० रुपये जातात, उरतात ४०. खोलीचं भाडं आणि यंत्राचा हप्ता महिन्याला ४,०००. म्हणजे १०० किलो विकली की ते निघतात, नफा त्याच्यापुढे. सगळ्यांनाच वीसची सूट दिली, तर उरणार वीस, आणि तेवढ्यासाठीच २०० किलो तळावी लागणार! हात तेच, कढई तीच. मी पाच रुपयांवर थांबले. तो कुरकुरला, पण माल घेतो अजून.

नाबार्डने गट बँकांना जोडायला सुरुवात केली १९९२ साली. २०११ पासून आपल्या राज्यात पंचायतींत निम्म्या जागा बायकांच्या. सहीचा अधिकार आला, पण आकडे अजून भाऊंकडे, नाहीतर सरपंचबाईंच्या 'मिस्टरां'कडे. आमच्याकडे प्रशिक्षणं झाली ती लोणची, मेणबत्त्या नि शिवणाची. जमाखर्च वाचायला कुणी शिकवलं नाही, आणि आम्हीही मागितलं नाही, हेही खरंच. गटाच्या पंचसूत्रीत पाचवं सूत्र आहे, दप्तर अद्ययावत ठेवण्याचं. आम्ही त्याचा अर्थ घेतला, कुणीतरी लिहून ठेवतंय ना, बास!

आपण काही सीए होणार नाही, आणि भाऊंना काढायचंही नाही. त्यांचं अक्षर चांगलं आहे, माणूसही प्रामाणिक आहे. गेल्या बैठकीत त्यांनी नेहमीसारखं बोट ठेवलं. म्हटलं, "राहू द्या भाऊ, रात्री वाचते, उद्या सही करते." जरा फुगलेच ते. दुसऱ्या दिवशी वही परत दिली तेव्हा तीन ठिकाणी पेन्सिलीच्या खुणा होत्या. त्यातल्या एकीचं उत्तर अजून यायचं आहे.