मेकअपचा खण लावू नका, शोधा



आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर गेल्या पंधरवड्यात एकच व्हिडिओ तीनदा आला. एक मुलगी मेकअपचा ड्रॉवर उघडते, सगळं पलंगावर ओतते, पारदर्शक ट्रे मांडते, लिपस्टिका रंगाच्या क्रमानं उभ्या करते आणि ड्रॉवर अलगद ढकलून बंद करते. खाली आपल्या बायकांचे जोडलेले हात आणि लाल बदाम. दोघींनी लगेच विचारलं, ट्रे कुठं मिळतो? तिसरीनं कळवलं, महाद्वार रोडला मिळतो, चोवीस कप्प्यांचा घ्या, लहान पुरत नाही.

ट्रेवर माझा राग नाही. एवढ्या सगळ्या मांडामांडीत त्या मुलीनं एकही डबी उलटी करून मागचं वाचलं नाही आणि एकही वस्तू टाकली नाही, याचा राग आहे. आणि हे कौतुकानं पुढं पाठवणाऱ्या आपण कोण? गव्हातला एक किडका दाणा न सोडणाऱ्या!

आपल्याकडं धान्य नुसतं निवडत नाहीत, शोधतात. ताटात पसरून, उजेडाला बसून, चष्मा लावून. दळून आणलेल्या पिठालाही मर्यादा असते: पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, थंडीत सात. माझ्या सासूबाई अजून पिठाच्या डब्यावर खडूनं वार लिहितात. आणि त्याच घरात, त्यांच्या सुनेच्या म्हणजे माझ्या ड्रॉवरमध्ये, दिराच्या लग्नात आणलेला मस्कारा पाच वर्षं नांदत होता. पिठाला तीन दिवस आणि डोळ्याला लावायच्या वस्तूला पाच वर्षं. सांगा आता मला धर्म.

मेकअपच्या वस्तूंनाही मर्यादा असते, आणि ती छापलेली असते. डबीच्या मागं झाकण उघडलेल्या बरणीचं बारीक चित्र शोधा. त्यात 6 एम, 12 एम असं काहीतरी लिहिलेलं असतं. उघडल्यापासून तितके महिने. वापरण्याची शेवटची तारीख वेगळी, ती न उघडलेल्या वस्तूची. बायका तीच वाचतात आणि निर्धास्त होतात. मस्कारा आणि ओलं लायनर उघडल्यावर तीन, फार तर सहा महिने. कांडी पापणीला लागून पुन्हा त्याच ओल्या अंधाऱ्या नळीत जाते, तिथं जंतू वाढायला आणखी काय हवं? पातळ फाउंडेशन सहा महिने ते वर्ष. लिपस्टिक वर्ष-दीड वर्ष. कोरडी पावडर दोन वर्षांपर्यंत चालते, पण पफ धुतला तर. वास बदलला, तेल सुटलं, वर पांढुरकं आलं, तर चित्रातला आकडा काहीही असो, ती वस्तू गेली.

हे आकडे सगळीकडचे आहेत. पण आपण कोल्हापुरात राहतो, जिथं आषाढात पापड मऊ पडतात आणि कपाटातल्या चामड्याच्या चपलांना बुरशी येते. तरी आपला मेकअप कुठं? बाथरूमच्या भिंतीला लागून असलेल्या ड्रेसिंग टेबलात, नाहीतर थेट बेसिनवरच्या आरशाच्या कपाटात. पावसाळ्यात पिठाची मर्यादा कमी का होते ते आपल्या आज्यांना कळत होतं. तेच कारण इथं लागू आहे. खण कोरड्या भिंतीकडं हलवा, कपाळाला ओलं असताना पावडर लावू नका आणि ब्रश साध्या साबणानं धुऊन आडवे वाळवा. उभे ठेवले की पाणी मुठीत उतरतं आणि केस सुटतात. व्यवस्थेबद्दल मला एवढंच सांगायचंय. बाकी डबी डावीकडं की उजवीकडं, यानं काही बिघडत नाही.

बिघडतं ते डबीत काय आहे यानं.

आपण जिलेटीन म्हणून जेली सोडली. केकचा बोर्ड वाचल्याशिवाय बेकरीत पाय ठेवत नाही. आता तुमची लाल लिपस्टिक हातात घ्या आणि कारमाइन हा शब्द शोधा, किंवा सी.आय. 75470 हा आकडा. तो रंग कोचिनील नावाच्या कीटकापासून करतात. निवडुंगावर वाढणारे हे कीटक, मुख्यतः पेरू देशातले, वाळवून, चिरडून. किलोभर रंगाला लाखाच्या वर जीव लागतात. सी.आय. 75170 म्हणजे ग्वानिन, माशांच्या खवल्यांची चमक. सेरा अल्बा असं गोड नाव दिसलं तर ते मधमाशांचं मेण. मध वर्ज्य म्हणून औषधाची पुडीसुद्धा नाकारणाऱ्या आपण त्याच पोळ्याचं मेण ओठांवर फिरवतो. लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतलं. काही नेलपॉलिशमध्ये लाखेचा अंश असतो, लाखेच्या किड्याचा.

"पोटात थोडंच जातं?" हे माझ्या जाऊबाईंचं उत्तर. जातं हो. सकाळी लावलेली लिपस्टिक दुपारी कुठं गेलेली असते? चहाच्या कपाला लागते ती थोडी, बाकीची आपणच गिळतो. आणि समजा नाही गेली पोटात, म्हणून काय झालं? रेशमी पातळ कुणी खात नाही, तरी कितीतरी घरांत पूजेला रेशीम चालत नाही.

दुकानदार सांगतो, हे क्रुएल्टी फ्री आहे, घ्या बिनधास्त. ससा छापलेला असतो. त्या सशाचा अर्थ एवढाच की माल प्राण्यांवर तपासलेला नाही. आत कारमाइन नाही असा त्याचा अर्थ होत नाही. आणि भारतात ही तपासणी 2014 पासून कायद्यानंच बंद आहे, तशा मालाची आयातही त्याच वर्षी बंद झाली. आपल्या कामाचा शब्द वेगन हा. त्याच साली साबण, शांपू आणि प्रसाधनांवर खाण्याच्या पुड्यांसारखा हिरवा किंवा तपकिरी ठिपका सक्तीचा करायचा नियमही निघाला होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि सक्ती टिकली नाही. आज कंपनीला वाटलं तर ती ठिपका छापते. म्हणजे वाचायचं काम आपलंच. (वेगनवरही मी पूर्ण समाधानी नाही. चकाकीसाठी लागणारा अभ्रक झारखंडच्या गिरिडीह-कोडरमा भागात लहान मुलं वेचतात, हे पुन्हा पुन्हा उघड झालंय. अभ्रक दगड आहे, ठिपका हिरवाच पडेल. म्हणून आयशॅडो मी सोडलीच. तुम्ही सोडा असं म्हणत नाही, पण माहीत असू द्या.)

आता दुसऱ्या बाजूशी भांडायचंय. व्याख्यानात एखादे काका उठतात आणि बायकांच्या नटण्यावर घसरतात. मेकअप म्हणजे पाप, मेकअप म्हणजे संस्कार बुडाले. आपण खाली मान घालून ऐकतो आणि घरी येऊन ड्रॉवर आणखी आत सारतो. लपवलेली वस्तू मग कोण शोधणार? पाच वर्षांचा मस्कारा असाच साठतो.

त्या काकांनी रत्नकरंड श्रावकाचार उघडून बघावा. भोगोपभोगाचं परिमाण करायला सांगताना आचार्य समंतभद्रांनी यादीच दिली आहे: भोजन, वाहन, अंथरूण, स्नान, अंगराग, फुलं, तांबूल, वस्त्र, दागिने, गाणं-बजावणं. अंगराग म्हणजे अंगाला लावायचे लेप आणि उट्या, आजच्या भाषेत आपला ड्रॉवर. तो टाकून द्या असं तिथं म्हटलेलं नाही, मोजा म्हटलंय. किती काळासाठी मोजायचं तेही दिलंय: आजचा दिवस, रात्र, पंधरवडा, महिना, ऋतू, सहा महिन्यांचं अयन. मुदतीपुरता सोडला तर तो नियम, जन्मभरासाठी सोडला तर यम. गृहस्थाला झेपेल असं किती व्यवहारी सांगणं आहे हे! आणि त्याच यादीत अंगरागाच्या आधी वाहन आहे. दारात तीन चारचाकी उभ्या असताना बायकोच्या लिपस्टिका मोजणाऱ्यांनी ती ओळही वाचावी.

मी परिमाण ठरवलं ते मागच्या दशलक्षण पर्वात. आधीच्या वर्षांतही मी त्या दहा दिवसांत मेकअप करत नसे, पण अनंत चतुर्दशी झाली की खण होता तसा उघडायचा. मागच्या वर्षी तो त्यागाच्या दिवशी रिकामा केला. का केला, ते सांगते. सांगायला लाज वाटते, पण त्याशिवाय हे सगळं लिहायचा मला अधिकार नाही.

त्याच्या आधीच्या दिवाळीत मी असाच ड्रॉवर 'लावला' होता. ट्रे आणला. ट्रेमध्ये न मावलेलं एका पिशवीत भरलं आणि आमच्याकडं कामाला येणाऱ्या मावशींना दिलं, "तुमच्या लेकीला होईल." मनातून बरंही वाटलं, त्याग घडला म्हणून. त्यात एक जेल काजळ होतं, कधी उघडलेलं मलाच आठवत नव्हतं. मुलगी दहावीतली. तिनं ते शाळेच्या गॅदरिंगला लावलं. दुसऱ्या दिवशी मावशी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या आणि म्हणाल्या, "पोरीचा डोळा मिटलाय ताई, सुजून. दवाखान्यात नेली होती." कशानं ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण मला कळलं होतं. औषधाचे पैसे दिले, तेही "असू दे, लागतील" असं म्हणून. ते काजळ माझं होतं, हे शब्द माझ्या तोंडून निघायला दशलक्षण उजाडावं लागलं. उत्तम आर्जवाचा दिवस होता. मावशी एवढंच म्हणाल्या, "मला म्हाईत हुतं."

जे आपण स्वतःच्या डोळ्याला लावणार नाही, ते दुसऱ्याच्या लेकीला देणं म्हणजे दान नव्हे. तो आपला कचरा, फक्त दुसऱ्याच्या घरात. शिळं अन्न मुनींच्या आहाराला ठेवाल? मग मावशींच्या पिशवीत का? द्यायचं तर न उघडलेलं द्या, नाहीतर नवीन आणून द्या.

आणि टाकायचं ते बेसिनमध्ये धुऊन टाकू नका. आपण पाणी गाळून पितो आणि गाळण्यातले जीवही जपून पाण्यात परत सोडतो. बेसिनचं पाणी नाल्याला, जयंती नाला पंचगंगेला. बाटलीतलं जुन्या कागदावर काढा, कागद सुक्या कचऱ्यात, रिकामी बाटली वेगळी.

त्या दिवशी माझ्या खणातून सेहेचाळीस वस्तू निघाल्या. मर्यादेतल्या नऊ. त्यातल्या तिघींवर कारमाइन. आता सहा आहेत: एक पावडर, एक काजळ, दोन लिपस्टिका, क्रीम आणि टिकल्यांचं पाकीट. प्रत्येकीवर उघडल्याची तारीख मार्करनं लिहिलीय. नवीन आणायची तर जुनी संपल्यावर, अयनभरात दोनच, असा माझा नियम आहे. लग्नसराईत तो जड जातो. गेल्या वैशाखात पुतणीच्या हळदीला मी जाऊबाईंची लिपस्टिक मागून लावली, हे इथं लिहून ठेवते. ती कसली होती, ते मागं वळून वाचायचं धाडस तेव्हा झालं नाही.

ट्रे मात्र सासूबाईंनी नेला. त्यात त्यांनी वाती, अष्टद्रव्याच्या पुड्या आणि खडू ठेवलेत. परवा माझ्या पावडरीची डबी हातात घेऊन त्यांनी तारीख वाचली आणि म्हणाल्या, "वार का नाही लिहिलास?"