परदेशी पासपोर्टवाला पाहुणा घरी येतोय? व्हिसा त्याचा, पण एक फॉर्म तुमचाही

आमच्या मावशीचा नातू न्यू जर्सीत जन्मला. आई-बाबा दोघंही पुण्याचे, दोघांचे पासपोर्ट भारतीय. बाळ आठ महिन्यांचं झालं तेव्हा त्याला आजीकडे आणायचं ठरलं. तिकिटं निघाली, जेवणाचा हॉल ठरला. निघायला जेमतेम सहा दिवस असताना कुणीतरी सहज विचारलं, ‘बाळाचा व्हिसा काढला का?’ सगळे हसले. आजीकडे यायला कसला व्हिसा?

तर तो लागतो. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. अमेरिकेत जन्मून अमेरिकी पासपोर्टवर प्रवास करणारं बाळ आपल्या इमिग्रेशन काउंटरवर परदेशी नागरिकच असतं. आई-बाबांच्या पासपोर्टवर त्याचं काम भागत नाही, त्याचा अर्ज स्वतंत्र करावा लागतो. मावशीकडचं प्रकरण निभावलं, कारण ई-व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या किमान चार दिवस आधीपर्यंत करता येतो. पण सगळ्यांचंच नशीब असं नसतं. शिवाय आता कायदाही कडक झाला आहे.

नवा कायदा काय म्हणतो?

परदेशी नागरिकांचा प्रवेश आणि मुक्काम याबाबत आपल्याकडे चार वेगवेगळे कायदे होते. त्यातले तीन इंग्रजांच्या काळातले, १९२०, १९३९ आणि १९४६ सालचे. चौथा २०००चा, विमान कंपन्यांच्या जबाबदारीबद्दलचा. हे चारही रद्द करून संसदेने ‘इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अॅक्ट, २०२५’ मंजूर केला आणि १ सप्टेंबर २०२५ पासून तो लागू झाला. वैध पासपोर्ट किंवा व्हिसाशिवाय प्रवेश केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बनावट कागदपत्रं वापरली तर दोन ते सात वर्षं कैद. व्हिसाची मुदत संपल्यावरही राहिलात तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

या आकड्यांच्या बातम्या झाल्या. मात्र ज्यांच्याकडे पाहुणा उतरतो, त्यांच्यावरची जबाबदारीही याच कायद्यात आहे. त्याची चर्चा फारशी झाली नाही. त्याकडे येऊच. आधी व्हिसा.

ई-व्हिसा सोपा आहे, तारखा मात्र फसव्या

नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांना व्हिसा लागत नाही. मालदीवच्या पर्यटकांना ९० दिवसांपर्यंत सूट आहे. जपान, दक्षिण कोरिया आणि काही अटींवर संयुक्त अरब अमिरातीच्या नागरिकांना मुंबईसह काही ठरावीक विमानतळांवर उतरल्यावर व्हिसा मिळू शकतो. बाकीच्या बहुतेकांसाठी ई-व्हिसा. ही सोय नोव्हेंबर २०१४ मध्ये ४३ देशांपासून सुरू झाली आणि आज सुमारे १७० देशांच्या नागरिकांना ती मिळते. ई-व्हिसावर मुंबई, पुणे, नागपूर आणि गोव्यातल्या दोन्ही विमानतळांवरून प्रवेश करता येतो. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी, दोन पानं कोरी हवीत.

पर्यटनाचे पर्याय तीन: ३० दिवस, एक वर्ष, पाच वर्षं. गोंधळ होतो तो इथे. ३० दिवसांच्या परवानगीपत्रावर जी ‘एक्स्पायरी’ तारीख छापलेली असते, ती भारत सोडण्याची तारीख नसते. त्या तारखेपर्यंत भारतात यायचं असतं, आणि ३० दिवस मोजायचे ते आल्यापासून. एक आणि पाच वर्षांच्या व्हिसाचं घड्याळ मात्र परवानगी मिळाली त्याच दिवशी सुरू होतं. एकाच संकेतस्थळावर, एकाच शब्दाचे दोन अर्थ. सॉफ्टवेअरच्या परीक्षेत मी असं डिझाइन दिलं असतं तर सरांनी वही परत फेकली असती.

आणखी एक गल्लत. पाच वर्षांचा व्हिसा म्हणजे पाच वर्षं सलग राहण्याची मुभा नव्हे. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि जपानच्या नागरिकांना एका फेरीत १८० दिवस राहता येतं, इतर बहुतेकांना ९०. व्हिसावर ‘२०३०’ दिसतं म्हणून निर्धास्त राहिलेला पाहुणा एकाच फेरीत मुदतबाह्य होऊ शकतो.

पर्यटन व्हिसावर काय चालतं, हेही विचारलं जातं. नातेवाइकांना भेटणं चालतं. योगाचा छोटा वर्ग, तबला, कथक किंवा मराठी शिकणंही चालतं, मात्र अभ्यासक्रम सहा महिन्यांपेक्षा मोठा नको आणि त्यातून पदवी-प्रमाणपत्र मिळणारं नको. विनामोबदला स्वयंसेवी काम एक महिन्यापर्यंत करता येतं. सुट्टीत आलेल्या भाच्याला ओळखीच्या कंपनीत दोन महिने इंटर्नशिपला चिकटवणं मात्र यात बसत नाही.

अर्जासाठी सरकारी पत्ता एकच: इंडियनव्हिसाऑनलाइन डॉट गव्ह डॉट इन. गुगलवर शोधलं की त्याच्यासारखी दिसणारी खासगी संकेतस्थळं वर येतात, ती जादा पैसे घेतात आणि पासपोर्टची प्रतही त्यांच्या हाती जाते. पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ आहे का, एवढं पाहिलं तरी पुरे. सरकारी शुल्कही परत मिळत नाही, त्यामुळे नाव आणि पासपोर्ट क्रमांक दोनदा तपासा.

ऑक्टोबर २०२५ पासून विमानात मिळणाऱ्या कागदी कार्डाच्या जागी परदेशी प्रवाशांसाठी ई-अरायव्हल कार्ड आलं आहे. ते उतरण्याच्या आधीच्या ७२ तासांत भरायचं असतं, मोफत. पीतज्वराची लागण असलेल्या देशातून येणाऱ्याकडे लसीचं प्रमाणपत्र नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवलं जाऊ शकतं.

ओसीआय असेल तर?

मूळ भारतीयांसाठी हा सगळ्यात सोयीचा मार्ग. कार्ड आयुष्यभराचं, कितीही दिवस राहा, पोलिसांकडे नोंदणी नाही. आई-वडील, आजी-आजोबा किंवा पणजोबा-पणजी भारतीय असतील तर साधारणपणे अर्ज करता येतो. आई-बाबांपैकी एक जरी भारतीय नागरिक असेल तर अल्पवयीन मुलासाठीही करता येतो. पाकिस्तान किंवा बांगलादेशाच्या नागरिकत्वाशी संबंध असलेल्यांना हे कार्ड मिळत नाही. पण नावात ‘सिटिझन’ असलं तरी हे नागरिकत्व नाही. मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, पत्रकारिता किंवा संशोधनासाठी वेगळी परवानगी लागते.

यातला एक धोका आपल्या लोकांना हमखास नडतो. परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो. ‘अजून तीन वर्षं व्हॅलिड आहे की’ म्हणून त्याच जुन्या पासपोर्टवर येणं हा गुन्हा आहे.

आता तुमचा फॉर्म

परदेशी नागरिकाला राहायला जागा देणाऱ्याने त्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवायची असते. हॉटेलवाले याला सी-फॉर्म म्हणतात. मोठ्या हॉटेलात रिसेप्शनवरच पासपोर्टची प्रत घेतात ती यासाठी. पण सरकारच्या यादीत फक्त हॉटेलं नाहीत. त्यात गेस्ट हाऊस, धर्मशाळा, विद्यापीठ, रुग्णालय आहे आणि खासगी घरही आहे.

म्हणजे मालवण-तारकर्लीतला दोन खोल्यांचा होमस्टे यात आला. पुण्यात परदेशी विद्यार्थ्याला फ्लॅट देणारा घरमालक आला, मुंबईत उपचारांसाठी आलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांना खोली देणाराही. बुकिंग अॅपवरून आलं म्हणजे अॅपने कळवलं असेल, असं गृहीत धरू नका. जबाबदारी जागा देणाऱ्याची आहे.

पद्धत अशी: परदेशी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर आधी जागेची नोंद करून लॉगिन घ्यायचं. पुढे प्रत्येक पाहुण्याचा पासपोर्ट क्रमांक, व्हिसाचा तपशील, फोटो, आल्याची तारीख आणि पुढचा मुक्काम भरायचा. मुंबईत यासाठी एफआरआरओ कार्यालय आहे, जिल्ह्यांत पोलीस अधीक्षक हेच नोंदणी अधिकारी. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर शिकायला किंवा नोकरीला आलेल्यांना स्वतःलाही सहसा १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. ती वेगळी. एकीने दुसरी भागत नाही.

हा नियम नवा नाही, पण छोट्या गावांत तो कुणी सांगतच नव्हतं. मला यातली खरी त्रुटी इथे दिसते. कोकणात होमस्टे काढा म्हणून प्रोत्साहन मिळतं, पण चहा-नाश्त्याइतकंच हे लॉगिनही धंद्याचा भाग आहे, हे पहिला परदेशी पाहुणा दारात उभा राहीपर्यंत अनेकांना कळत नाही. पोर्टल इंग्रजी-हिंदीत, मालक साठीचा, रेंज एका खिडकीत. २४ तास तेव्हा फार लांब वाटत नाहीत.

बॅगेतली एक वस्तू

पाहुणा ट्रेकर असेल तर निघण्याआधीच फोन करून विचारा: सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर सोबत आहे का? थुराया आणि इरिडियम या उपग्रह-जाळ्यांवरची उपकरणं दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय भारतात आणता येत नाहीत. गार्मिनचं इनरीच दिसायला साधं जीपीएस यंत्र, पण ते इरिडियमवर चालतं. परदेशात डोंगरात जाताना ते सुरक्षेसाठी बाळगतात. इथे गोव्याच्या विमानतळावर अशाच उपकरणावरून परदेशी प्रवाशांना पोलीस ठाण्यात जावं लागलं आहे. साधं जीपीएस घड्याळ चालतं, उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र नाही.

मावशीने हे सगळं ऐकून घेतलं आणि लॉगिन करायला मला बोलावलं. नातवाचा पासपोर्ट फोटो डोळे मिटलेला. ‘व्यवसाय’ या रकान्यात काय लिहायचं, यावर मात्र आमचं अर्धा तास एकमत होईना.