भाकरी दीडशेची, ज्वारी पावणेचार रुपयांची



मागच्या महिन्यात कामानिमित्त पुण्याला गेलो होतो. कृषी महाविद्यालयातला एक जुना वर्गमित्र भेटला. बियाण्याच्या धंद्यात त्याचे बरे चालले आहे. म्हणाला, "चल, आज तुला तुझ्याच शेतातलं जेवण खाऊ घालतो." शहराच्या कडेला एका हॉटेलात घेऊन गेला. बसायला बाजा आणि लाकडी बाकडी, भिंतींना शेणामातीचा रंग, दाराशी बैलगाडीचे एक चाक टेकवून ठेवलेले. टाय लावलेला कोणी नाही, मोठ्याने बोलायला बंदी नाही. सगळे कसे मोकळेढाकळे. फक्त यादीवरचे भाव मोकळेढाकळे नव्हते. एक ज्वारीची भाकरी, चमचाभर लोणी आणि ठेचा, किंमत दीडशे रुपये. खाली बारीक अक्षरात लिहिले होते, 'थेट मंगळवेढ्याच्या शेतातून'.

वाढणारा पोरगा परभणीकडचा निघाला. बोलीवरून ओळखला. त्याला विचारले, "बाबा, ही ज्वारी कोणाच्या रानातली?" त्याने इकडे तिकडे बघितले आणि हळूच म्हणाला, "साहेब, यादीवर मंगळवेढा लिहिलंय. पोती मार्केट यार्डातून येतात. कुठली ते दुकानदारालाच माहीत." त्याच्या घरी पाच एकर कोरडवाहू. वडिलांनी ज्वारी सोडून सोयाबीन धरले त्याला आठ-दहा वर्षे झाली. घरी रेशनच्या गव्हाच्या पोळ्या होतात. भाकरी तो इथे लोकांना वाढतो.

भाकरी चांगली होती, खोटे कशाला बोलू? पण घास काही केल्या सरळ उतरेना.

आता सभांमधून तरुण पोरे विचारू लागली आहेत, की हॉटेलवाल्यांशी करार करावा का? कृषी पर्यटन काढावे का? 'शेतातून थेट ताटात' ही कोरडवाहू शेतकऱ्याची वाट आहे का? प्रश्न खरा आहे, म्हणून त्याचे उत्तर हिशेबाने द्यायला हवे.

मूळ कल्पना कुठली?

ही टूम पुण्यात निघालेली नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात बर्कले नावाचे गाव आहे. तिथे अ‍ॅलिस वॉटर्स नावाच्या बाईने ऑगस्ट १९७१ मध्ये एका जुन्या घरात 'शे पनीस' नावाचे हॉटेल सुरू केले. पहिल्या दिवशीचे पूर्ण जेवण ३ डॉलर ९५ सेंटला होते. रोज एकच ठरलेले जेवण. जे ताजे मिळेल त्यावरून काय रांधायचे ते ठरवायचे. १९८० मध्ये वरच्या मजल्यावर जरा स्वस्त आणि सैल अशी खानावळ काढली. यादीवर शेताचे नाव छापायची पद्धत तिथून जगभर पसरली.

पण नाव छापण्याच्या आधी या बाईने एक काम केले ते आपल्याकडचे नक्कलवाले विसरतात. तिने आपल्या वडिलांना शेतकरी शोधायला पाठवले. त्यांनी बरीच शेते पालथी घालून बॉब कॅनार्ड नावाचा शेतकरी निवडला आणि त्याच्याशी वर्षानुवर्षांचा व्यवहार बांधला. त्याच्या शेतात जे तयार होईल ते घ्यायचे आणि त्यावर स्वयंपाक बेतायचा. भाजी घेऊन आलेली गाडी परत जाताना हॉटेलातला ओला कचरा खतासाठी शेतावर नेत असे. जमिनीतून काढलेले काही अंशी जमिनीला परत. शेतीशास्त्र शिकलेल्या माणसाला यापुढे टोपी काढावी लागते.

तिकडे मोकळीक, इकडे दावे

सालांकडे जरा लक्ष द्या. १९७१ मध्ये ते हॉटेल निघाले. १९७२ मध्ये महाराष्ट्र सरकारने कापूस एकाधिकार खरेदी सुरू केली. आपल्या घामाचा कापूस सरकारखेरीज कोणाला विकायचा नाही, राज्याची हद्द ओलांडली तर गाडी जप्त. जवळजवळ तीस वर्षे हे दावे आपल्या गळ्यात होते. ज्वारीवर लेव्ही होती, ती वेगळीच.

तिकडेही सगळे आलबेल नव्हते. कॅलिफोर्नियात फळ ठराविक आकाराचे, ठराविक खोक्यात भरल्याशिवाय शेतकऱ्याला विकता येत नसे. १९७७ मध्ये तिथल्या सरकारने नियम बदलले आणि शेतकऱ्याला आपला माल थेट ग्राहकाला विकायची मोकळीक दिली. त्यातून शेतकरी बाजार उभे राहिले आणि 'शे पनीस'सारख्या हॉटेलांना दाराशी माल मिळू लागला. आपल्याकडे फळे-भाजीपाला बाजार समितीच्या कचाट्यातून सुटायला २०१६ साल उजाडले. म्हणजे एकोणचाळीस वर्षांचे अंतर.

तेव्हा कोणी म्हणाले की अमेरिकेतला ग्राहक रसिक आहे म्हणून तिथे हे जमले, तर ऐकू नका. रसिकता आपल्याकडे काही कमी नव्हती. हुरडा खायला पाहुणे आपल्या रानात पिढ्यान्‌पिढ्या येत आले. शेतातून थेट ताटात यापेक्षा वेगळे काय असते? आपल्याला कमी पडली ती विकायची मोकळीक.

हिशेब मांडू

आता दीडशेच्या भाकरीकडे वळू. एका भाकरीला साधारण शंभर ग्रॅम पीठ लागते. २०२५-२६ सालासाठी केंद्राने मालदांडी ज्वारीचा हमीभाव ३,७४९ रुपये क्विंटल ठरवला. तो भाव पदरात पडला असे धरले, तरी शंभर ग्रॅमचे झाले पावणेचार रुपये. दीडशे रुपयांत पावणेचार, म्हणजे रुपयामागे अडीच पैसे. अमेरिकेच्या कृषी खात्याचा हिशेब असा, की ग्राहकाने खाण्यावर खर्च केलेल्या एका डॉलरमागे अलीकडच्या वर्षांत शेतकऱ्याला साधारण पंधरा सेंट मिळतात. तिथलाही शेतकरी या पंधरा सेंटवर कुरकुरतो. आपण अडीच पैशांवर गप्प आहोत.

हॉटेलवाल्याची बाजूही मांडतो, नाहीतर हिशेब लंगडा होईल. त्याला जागेचे भाडे आहे, गॅस आहे, पगार आहेत, कर आहे. भाकरी थापणारी बाई आहे, आणि तिचा हात म्हणजे कला आहे. तो नफा कमावतो याबद्दल माझी तक्रार नाही. व्यापार करणे हा गुन्हा नव्हे, हे आपणच इतकी वर्षे सांगत आलो. माझा मुद्दा वेगळा आहे. या हॉटेलवाल्याने शेतकऱ्याला हमीभावाच्या दुप्पट भाव दिला, तर त्याचा खर्च भाकरीमागे पावणेचार रुपयांनी वाढेल. दीडशेची भाकरी एकशे चौपन्नची करावी लागेल. जो गिऱ्हाईक दीडशे देतो तो चार रुपयांसाठी उठून जाणार आहे काय? दुप्पट भाव द्यायला ज्याला काहीच जड जात नाही आणि तरीही जो यार्डातून पडत्या भावाची पोती उचलतो, त्याचे 'शेतातून थेट' हे केवळ दारावरचे बैलगाडीचे चाक आहे.

आता दुसरा हिशेब. असे एक हॉटेल दिवसाला दीडशे भाकरी विकते असे धरू. रोज पंधरा किलो, वर्षाला साधारण चोपन्न क्विंटल. कोरडवाहू रब्बीत चांगल्या काळ्या रानात एकरी चार क्विंटल धरले, तर तेरा-चौदा एकर झाले. एक नामांकित हॉटेल म्हणजे दोन-तीन कुटुंबे. एका तालुक्याची ज्वारी खपवायला अशी किती हॉटेले लागतील ते तुम्हीच मोजा. शिवाय कपाशी कोणी ताटात वाढत नाही. तेव्हा हॉटेल हे दोन-चार घरांचे भले करील, पण जिल्ह्याचा प्रश्न सोडवणार नाही. सरकारने उद्या 'हॉटेलांना विका' म्हणून आपली बोळवण केली, तर ती मान्य करायची नाही.

फक्त कणीस नको, सगळे रान घ्या

न्यूयॉर्कजवळ डॅन बार्बर नावाचा स्वयंपाकी आहे. २००४ मध्ये त्याने रॉकफेलर घराण्याच्या जुन्या मालमत्तेवर 'ब्लू हिल' नावाचे हॉटेल सुरू केले. बाजूची शेती त्या घराण्याच्या देणगीतून उभी राहिली. (आपल्यामागे कोणी रॉकफेलर नाही, हे ध्यानात असू द्या.) या गृहस्थाने २०१४ मध्ये एक पुस्तक लिहिले आणि त्यात स्वतःचीच चूक कबूल केली. ज्या शेतकऱ्याकडून तो जुन्या वाणाचा गहू घेत असे, त्याच्या शेतावर तो एकदा गेला. बघतो तर गहू थोडाच. जमिनीचा कस टिकावा म्हणून शेतकऱ्याने फेरपालटीत बाजरीसारखे भरडधान्य, चवळी, मोहरी असे कितीतरी घेतलेले. त्यातले हॉटेल काहीच घेत नव्हते. गव्हाचे कौतुक सगळ्यांना होते, पण तो गहू ज्यांच्या आधाराने पिकतो त्यांना गिऱ्हाईक नव्हते.

हे वाचून मला आपले रान आठवले. कपाशीत तुरीचे तास, ज्वारीत करडई, मुगा-उडदाचा बेवड. ज्वारी काही एकट्या भाकरीसाठी पिकत नाही. कित्येकदा कडब्याच्या भावावरच ज्वारी परवडते की नाही ते ठरते. करार करायचाच तर हॉटेलवाल्याने ज्वारीबरोबर तूर, करडईचे तेल, जवस हेही घ्यावे. कणीस खुडून नेणारा आणि धसकटे आपल्यावर टाकणारा गिऱ्हाईक आपल्याला नको.

नावाची चोरी

नावाला किंमत असते हे आपल्याला उशिरा कळले. कॅलिफोर्नियात फ्रेस्नोजवळ डेव्हिड मासुमोतो नावाचा शेतकरी आहे. त्याच्याकडे 'सन क्रेस्ट' जातीच्या पीच फळांची बाग होती. चव अमृतासारखी, पण फळ टिकत नाही, रंग लालभडक नाही, म्हणून व्यापारी घेईनात. बाग उपटायची वेळ आली. त्याने ही हकिकत लिहून काढली आणि १९९५ मध्ये तिचे पुस्तक आले. बाग राहिली. पुढे त्याची फळे 'शे पनीस'मध्ये नुसती ताटलीत ठेवून वाढली गेली. ज्या फळाला बाजारात भाव नव्हता, त्याला नावाने भाव आला.

पण जिथे नावाला भाव येतो तिथे नावाचा चोरही येतो. २०१६ मध्ये 'टँपा बे टाइम्स' या अमेरिकी वृत्तपत्राच्या लॉरा रायली या बातमीदार बाईने तिथल्या हॉटेलांच्या याद्या तपासल्या, तेव्हा शेताच्या नावाखाली भलताच माल खपवणारे कितीतरी निघाले. आणि त्याच २०१६ साली आपल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले. कागद मिळाला, पण त्या नावाचे दीडशे रुपये कोणाच्या गल्ल्यात पडतात ते मी डोळ्यांनी पाहून आलो.

२०२३ साल संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. सरकारने त्यांचे 'श्रीअन्न' असे बारसे केले. पण २०१३ च्या कायद्याने गहू दोन रुपयांना आणि तांदूळ तीन रुपयांना दिला, तोही जानेवारी २०२३ पासून फुकट. फुकटच्या गव्हाशी कोरडवाहू ज्वारीने कशी झुंज द्यायची? गरिबाच्या ताटातून ज्वारी उठली ती श्रीमंताच्या ताटात जाऊन बसली. मधल्या मध्ये पिकवणारा होता तिथेच राहिला.

मग करायचे काय?

ज्याला जमेल त्याने हॉटेलशी जरूर करार करावा. दुसऱ्याच्या दारात जाऊन आपला माल विकण्यात कसलाही कमीपणा नाही. पण चार गोष्टी कागदावर घ्या. भाव पेरणीच्या आधी ठरेल आणि तो उत्पादन खर्च भरून निघेल असा असेल. पैसे माल उचलल्यापासून पंधरा दिवसांत मिळतील. ज्वारीबरोबर फेरपालटीचा मालही उचलला जाईल. आणि यादीवर गावाचे नाव छापायचे असेल, तर पिकवणाऱ्याचेही छापले जाईल आणि पोते त्याच्याच खळ्यातले असेल. एकट्याने जाऊ नका, पाच-दहा जण मिळून जा. एकट्याला हॉटेलवाला उपकार केल्यासारखा भाव सांगतो.

आणि ज्यांना हे जमणार नाही, म्हणजे आपल्यातल्या शंभरातल्या पंच्याण्णवांना, त्यांनी आपली मागणी सोडू नये. आमचा माल आम्हाला हवा तिथे, हव्या त्याला विकू द्या. भाव पाडायला मध्ये येऊ नका.

निघताना त्या परभणीच्या पोराला म्हणालो, "वडिलांना सांग, यंदा एकरभर तरी मालदांडी पेरा." तो हसला. "पेरतील साहेब," म्हणाला, "पण घेणार कोण, कितीला, ते आधी सांगा."

जिल्हा सभेत उत्तर द्यायचे आहे ते त्याला.