‘मन घट्ट कर’

परीक्षा जवळ आली कीं फलटणासारख्या गांवींहि सुशिक्षित घरांत एक विलक्षण दुखणें शिरतें. बारावींतला मुलगा सकाळीं पोट दुखतें म्हणतो, रात्रीं झोंप येत नाहीं म्हणतो, आणि पाठ केलेलें ऐन वेळीं विसरतो. त्यावर वडीलधाऱ्यांजवळ एकच मात्रा असते: ‘मन घट्ट कर, आम्ही नाहीं का शिकलों?’ ही मात्रा खोटी आहे; आणि ती देणाराचा तींत स्वार्थहि आहे, कारण दोष मुलाच्या मनाचा ठरला म्हणजे घरच्या वेळापत्रकाची चौकशी टळते.

मन आणि शरीर हीं दोन निराळीं बिऱ्हाडें असून वरच्या मजल्यावरचें भांडण खालीं ऐकूं येत नाहीं, अशी या मंडळींची समजूत दिसते. 1936 सालीं मॉन्ट्रियल येथील हान्स सेली यानें ‘नेचर’मध्यें एक छोटेंसें टिपण छापलें. उंदरांना थंडी, इजा, अतिश्रम किंवा विषारी द्रव्य, कांहींहि सोसावें लागो, परिणाम एकच दिसला: मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी फुगल्या, छातींतली थायमस ग्रंथि आक्रसली, जठरांत व्रण पडले. त्या उंदरांस कोणीं ढोंगी म्हटलें नाहीं.

माणसाचें उदाहरण हवें असेल तर 1998 सालचें अमेरिकेंतील घ्या. दंतवैद्यकाच्या 11 विद्यार्थ्यांच्या टाळूवर एकदां उन्हाळ्याच्या सुटींत व एकदां परीक्षेच्या तोंडावर सारखीच लहानशी जखम करण्यांत आली. परीक्षेच्या वेळची जखम भरून येण्यास सरासरी 3 दिवस अधिक लागले. 11 पैकीं एकाचीहि सुटींतल्याइतकी लवकर भरली नाहीं. संख्या थोडी आहे, हें कबूल. पण टाळूच्या त्वचेला ‘मन घट्ट कर’ असें कोण सांगणार?

संकट अल्पकाळचें असेल तर हीच यंत्रणा उपकारक असते. नाडी जलद चालते, लक्ष एकवटतें. पण रक्तांतलें कॉर्टिसोल महिनोन्महिने चढलेलेंच राहिलें, म्हणजे झोंप मोडते, स्मरण अडखळतें, प्रतिकारशक्ति क्षीण होते.

फलटणास तरी हें नवें वाटूं नये. ज्यांच्या नांवानें येथें ‘कमला निंबकर बालभवन’ ही शाळा चालते, त्या कमलाबाई जन्मानें अमेरिकन. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत 1950 सालीं त्यांनीं व्यवसायोपचाराचें शिक्षण सुरू केलें. हाताला काम देऊन शरीर व मन दोन्ही सांवरावयाचीं, ही ती विद्या. त्या नांवाच्या पाटीवरून रोज जाणारे लोक घरीं येऊन मुलाच्या पोटदुखीला ढोंग म्हणतात!

‘मग काय मुलांना कष्टच नकोत?’ हा प्रश्न ठरलेलाच. ज्ञानोबांची पालखी दरवर्षीं या गांवावरून जाते. आळंदीहून पंढरपूर गांठणें हे कांहीं थोडे कष्ट नव्हेत. परंतु तरडगांवाहून आलेले वारकरी फलटणास मुक्काम करतात, आणि मगच बरडची वाट धरतात. आमच्या मुलांना मात्र सकाळीं कॉलेज, दुपारीं शिकवणी, रात्रीं जागरण आणि रविवारीं चांचणी. यांत मुक्काम कोठें आहे?

2024 सालीं वैद्यकीय प्रवेशपरीक्षेस 23 लाखांहून अधिक विद्यार्थी बसले; एम. बी. बी. एस.च्या जागा सुमारें 1 लाख. हें गणित बापाला येतें, पण मुलासमोर तो तें मांडीत नाहीं. मांडलें तर दुसऱ्या वाटेचा विचार करावा लागेल, आणि शेजाऱ्यांना काय सांगावें ही पंचाईत उभी राहील.

आमचें मागणें फार मोठें नाहीं. रविवारची चांचणी बंद करा, रात्रीं दिवा वेळेवर मालवा, जेवतांना गुणांची विचारपूस करूं नका. एवढें करूनहि पोट दुखत राहिलें, तर मुलाला डॉक्टरांकडे न्या.